घड्याळ माझं, नाव कुणाचं?

वेळ बघायला मोबाइल आहे, पावलं मोजायला स्मार्टवॉच आहे. मग रविवारची दुपार खर्चून, डोळ्याला भिंग लावून, पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या महागड्या घड्याळांची हुबेहूब जुळी भावंडं घरच्या घरी तयार करणारी ही मंडळी कोण?

आधी एक गैरसमज दूर करू या. फूटपाथवर हजार-दीड हजारात मिळणारं 'फर्स्ट कॉपी' रोलेक्स म्हणजे ही हौस नव्हे. निदान ही हौस करणारे तरी तसं छातीवर हात ठेवून सांगतात. इथे घड्याळ विकत घ्यायचं नसतं, जमवायचं असतं. केस एका देशातून, काच दुसऱ्या, काटे तिसऱ्या... आणि मशीन बहुतेकदा जपानी. पार्सलं एकेक करत येतात, घरचे विचारतात "आता काय मागवलंस?", आणि दोन-तीन महिन्यांनी सगळं टेबलावर जमलं की खरा खेळ सुरू होतो.

हा खेळ मी ठाण्यात एका मित्राच्या वन बीएचकेमध्ये पाहिला. पठ्ठ्या आठवडाभर ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत सर्व्हर सांभाळतो आणि रविवारी डायनिंग टेबलवर पांढरा कागद अंथरून बसतो. पंखा बंद! (मे महिना होता. कल्पना करा.) पंख्याच्या वाऱ्याने धूळ उडते आणि धुळीचा एक कण काचेखाली गेला, तर तो पुढची दहा वर्षं तुमच्याकडे बघत राहतो. म्हणून बोटांना रबरी टोप्या, हातात चिमटा, शेजारी हवा मारायचा रबरी पंप.

त्याच्या मनात होतं रोलेक्स सबमरिनर ६५३८. नंबर डोक्यावरून गेला असेल, पण घड्याळ तुम्ही पाहिलंय. १९६२ च्या 'डॉ. नो'मध्ये शॉन कॉनरीच्या मनगटावर होतं ते. मोठी चावी, काळी चकचकीत डायल, त्यावर सोनेरी अक्षरं. पन्नासच्या दशकातला अस्सल नग आज लिलावात आला, तर त्याची किंमत आपल्या होम लोनशी स्पर्धा करते. म्हणजे तुम्ही-आम्ही फक्त फोटो बघायचे.

किंवा मग बनवायचं.

मशीनपासून सुरुवात होते. (घड्याळजी 'मूव्हमेंट' म्हणत नाहीत, 'मशीन'च म्हणतात, आणि मलाही तोच शब्द आवडतो.) या हौशी मंडळींचं लाडकं मशीन म्हणजे सिकोचं एनएच ३५. ऑटोमॅटिक, २४ ज्वेल्स, पूर्ण चावी भरली की साधारण ४१ तास चालणारं, आणि काही हजारांत मिळणारं. पण ६५३८ ला तारीख नाही आणि एनएच ३५ ला आहे. तारखेची खिडकी नसलेली डायल त्यावर लावली, तर चावी अर्धी ओढल्यावर आत न दिसणारी तारीख बदलत राहते. बाहेरून कुणाला कळणार? कुणालाच नाही. पण बनवणाऱ्याला कळतं ना! म्हणून मित्राने मुद्दाम तारीख नसलेलं एनएच ३८ मागवलं. "बंद कपाटातही कपडे घडी करून ठेवतो ना आपण, तसंच आहे हे," असं त्याचं म्हणणं. (त्याचं कपाट मी पाहिलंय. असो.)

काटे बसवणं हा यातला सगळ्यात घाम फोडणारा भाग. सेकंदकाट्याचं भोक फक्त ०.२० मिलिमीटर! तास, मिनिट, सेकंद असे तीन काटे एकावर एक, एकमेकांना न शिवता, डायलला समांतर बसले पाहिजेत. जरा जोर जास्त झाला की काटा वाकला. त्यानंतर येतो चावीचा दांडा. तो लांब येतो आणि केसच्या मापाने कापायचा असतो. जास्त कापला तर संपलं, दुसरा मागवा. मित्राने पहिल्यांदा जास्त कापला होता. आता तो जरा लांब ठेवून कानशीने घासत घासत मापात आणतो.

एवढं करूनही फरक उरतोच. जुन्या अस्सल मशीनमध्ये सेकंदकाटा एका सेकंदात पाच बारीक पावलं टाकायचा, सिकोच्या मशीनमध्ये सहा टाकतो. शौकीन माणूस डोळे बारीक करून तेवढ्यावरून ओळखतो म्हणे. मला बापजन्मात ओळखता येणार नाही.

रेडियम आणि म्हातारपणाचा मेकअप

खरी गंमत पुढे आहे. एवढ्या कष्टाने बनवलेलं कोरं करकरीत घड्याळ ही मंडळी मुद्दाम म्हातारं करतात!

आपल्याकडे रिक्षाच्या मागच्या चमकत्या स्टिकरलाही 'रेडियम' म्हणतात. पण एके काळी घड्याळाच्या काट्यांवर खरोखर रेडियम असायचं, अंधारात दिसावं म्हणून. ते किरणोत्सर्गी. साठच्या दशकात त्याची जागा सौम्य अशा ट्रिटियमने घेतली. ट्रिटियमचं अर्धायुष्य साधारण बारा वर्षांचं, त्यामुळे त्या काळातली घड्याळं आता अंधारात जवळपास चमकतच नाहीत. मात्र ते पांढरे ठिपके वयानुसार सायीसारखे, कधी भोपळ्यासारखे पिवळे होतात, आणि याच पिवळेपणावर लोक जीव टाकतात.

मग घरी बनवलेल्या घड्याळाला हे वय आणायचं कसं? ठिपक्यांवर पिवळसर छटेचा पातळ हात. कुणी चहा-कॉफीचे प्रयोग करतं. बाहेरच्या गोल बेझलमधली ॲल्युमिनियमची काळी पट्टी ब्लीचमध्ये बुडवली की काळ्याची राखाडी होते, जणू वीस वर्षं समुद्रावर उन्हात राहिली. केसच्या कडा घासून गोल करायच्या. वर जुन्या पद्धतीची घुमटासारखी प्लास्टिकची काच. तिच्यावर ओरखडे पडले तर टूथपेस्टने घासून निघतात, हे कुठलाही जुना घड्याळजी सांगेल.

सगळं मिळून मित्राला साधारण वीस हजार खर्च आला आणि टेबलावर जे तयार झालं ते सॉलिड होतं. खोटं कशाला बोला?

खोट्याचा प्रश्न खरं तर डायलवर येतो. सुटी डायल दोन प्रकारची मिळते. एक कोरी, तिला हे लोक 'स्टराइल' म्हणतात. दुसरीवर मुकुट आणि रोलेक्सचं नाव छापलेलं. मित्राने दुसरी लावली होती. "मलाच बघायचंय ना? नावाशिवाय चित्र पूर्ण दिसत नाही."

मग एका सोमवारी ऑफिसच्या कँटीनमध्ये त्याच्या मॅनेजरची नजर मनगटावर गेली. "आजोबांचं का रे?" मॅनेजरने विचारलं. मित्राने "नाही" म्हटलं नाही. "हो"सुद्धा म्हटलं नाही, फक्त हसला. संध्याकाळपर्यंत फ्लोअरभर झालं की याचे आजोबा बोटीवर होते. (आजोबा साताऱ्याला तलाठी होते.) आठवड्याभरात टीममधल्या एकाने दोन लाखांची ऑफर दिली, आणि तेव्हा मात्र भाऊ गडबडला. "अगं, घड्याळ बनवायला तीन महिने लागले. आजोबा बनवायला तीन सेकंद!" हे त्याचंच वाक्य.

ते 'मुंबई स्पेशल'

या प्रश्नाची उत्तरं मी शोधायला गेले ती दादरच्या एका जिन्याखाली. चार बाय तीनच्या काचेच्या पेटीमागे चाळीस वर्षं बसणाऱ्या एका घड्याळजी काकांकडे. त्यांना ही हौस सांगितली, तर त्यांना त्यात नवल काहीच वाटलं नाही.

"बाळा, आम्ही काय वेगळं केलं?"

मुंबईची हवा, पावसाळा, घाम... आत पाणी गेलं की डायलवर बुरशीचे डाग. गिऱ्हाईक म्हणायचं, नवी दिसेल अशी करून द्या. मग डायल काढून रंगवायला जायची, जुना रंग खरवडून नवा रंग, त्यावर पुन्हा नाव छापून परत. कुणी निळी मागायचं, कुणी भगवी. पट्टा नवा, काच नवी, केसला पॉलिश. गिऱ्हाईक खूश. यात फसवणूक कुठे होती? गिऱ्हाइकाला सगळं माहीत होतं, घड्याळ त्याचंच होतं.

पुढे तीच घड्याळं विकली गेली, एका हातातून दुसऱ्या हातात, आणि इंटरनेट आल्यावर थेट परदेशात. जुनी सिको फाइव्ह, एचएमटी, फेवर ल्यूबा, 'व्हिंटेज, नव्यासारखं' अशा वर्णनासह. तिकडच्या संग्राहकांना हळूहळू कळलं की या रंगाची डायल कंपनीने कधी काढलीच नव्हती. जगभरच्या शौकिनांत अशा घड्याळांना आजही एक नाव आहे: 'मुंबई स्पेशल'. कौतुकाने ठेवलेलं नाही ते.

काकांना हे मी सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "रंगवणाऱ्याने आत, डायलच्या मागे खूण करायला हवी होती. कुणी केली नाही. तेव्हा कुणाला वाटलं होतं ही विलायतेला जातील?"

मला वाटतं मुद्दा इथेच आहे. घड्याळ बनवणारा प्रामाणिक असेलही, पण घड्याळ त्याच्याकडे कायम राहत नाही. चोरीला जातं, भेट दिलं जातं, घरं बदलताना विकलं जातं. त्याच्यासोबत "मी हे घरी बनवलंय" ही गोष्ट जात नाही. डायलवरचं नाव मात्र जातं.

आणि फसतात ते फक्त चोर बाजारात सौदा करणारे नवखे, असंही नाही हं. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात फिलिप्सच्या लिलावात १९५७ चं म्हणून एक ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकच्याही वर गेलं. २०२३ मध्ये उघड झालं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून केलेलं होतं. विकत घेणारी होती खुद्द ओमेगा, स्वतःच्या म्युझियमसाठी! जिथे कंपनीच आपलं घड्याळ ओळखताना चुकते, तिथे ऑफिसमधल्या त्या दोन लाखवाल्याची काय कथा?

कायदाही माहीत असलेला बरा. ट्रेड मार्क्स ॲक्ट, १९९९ च्या कलम १०३ खाली दुसऱ्याचा ट्रेडमार्क खोटा लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. फसवायचा हेतू नव्हता, हे सिद्ध करायची जबाबदारी लावणाऱ्याची. घड्याळाचा आकार, चावी, घुमटाची काच, सोनेरी काटे या सगळ्याचा आनंद कोऱ्या डायलवरही तेवढाच मिळतो. नावामुळे वाढते ती फक्त जोखीम, आणि कँटीनमधली इज्जत.

तुम्हालाही हात शिवशिवत असतील, तर थेट सबमरिनरच्या वाटेला जाऊ नका. काकांचा सल्ला आहे, आधी चावीचं जुनं एचएमटी जनता घ्या. सिटिझनच्या मदतीने १९६१ मध्ये बेंगळुरूला एचएमटीची घड्याळं सुरू झाली, २०१६ मध्ये घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय झाला, पण सुटे भाग आणि बिघडलेले नग अजून फिरताहेत. पुण्यात जुना बाजार, मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट. १७ ज्वेल्सचं साधं मशीन, उघडा, बघा, पुन्हा लावा. बिघडलं तरी रडू येणार नाही.

मित्राने गेल्या महिन्यात रोलेक्सची डायल काढून काकांना दाखवली. काकांनी भिंगातून पाहून छपाईचं कौतुक केलं आणि परत दिली. आता त्या केसमध्ये कोरी काळी डायल आहे. मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला त्याने सुईने स्वतःची आद्याक्षरं, वर्ष आणि 'ठाणे' कोरलंय. समोरच्या बाजूला देवनागरी आकडे छापून घ्यायचा त्याचा विचार आहे, एचएमटीच्या काही जनता घड्याळांवर असायचे तसे. छापणारा सापडलाय, पण तो म्हणतो एक डायल छापत नाही, किमान पंचवीस घ्या. त्यामुळे सध्या भाऊ चोवीस गिऱ्हाइकं शोधतोय.