तांदळाच्या देशात लपलेला गहू

जपान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भात येतो. भात, मासे आणि हिरवा चहा. मग ज्याला गहू वर्ज्य, त्याची तिथे चैनच असणार, असं कुणालाही वाटेल. माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांची तोक्योला बदली झाली तेव्हा आमच्या आईलाही तसंच वाटलं. बहिणीला सीलिअ‍ॅकचा विकार आहे. गहू, जव आणि राय (हे धान्य, आपली फोडणीतली राई नव्हे) यांच्यात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते तिच्या लहान आतड्याच्या अस्तराला इजा करतं. थोडंसं पोटात गेलं तरी चालत नाही. गोळी घेऊन भागत नाही, जन्मभर ती धान्यं टाळायची, एवढाच उपाय. "इथे पोळीवाचून हाल झाले पोरीचे, आता भाताच्याच देशात चालली," आई म्हणाली.

प्रत्यक्षात गव्हाने तिथे असा काही वेष पालटला आहे, की भल्याभल्यांना ओळखू येत नाही. तो शिरतो मुख्यतः एका बाटलीतून. ती बाटली शोयुची, म्हणजे सोया सॉसची. नाव सोयाबीनचं असलं तरी नेहमीचा शोयु करताना सोयाबीन आणि भाजून भरडलेला गहू साधारण सारख्याच प्रमाणात घेऊन आंबवतात. आपल्याकडे बाजारच्या बांधानी हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो आणि चिमूटभर हिंगाचा कुणाला संशयही येत नाही, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच, की हिंग चिमूटभर आणि शोयु पळीपळीने! निखाऱ्यावर भाजलेलं कोंबडीचं मांस असो, मासा असो, मक्याचं कणीस असो, नाहीतर भाताचे भाजलेले त्रिकोणी गोळे असोत, त्यावर ब्रशाने शोयु फिरवल्याशिवाय जपानी माणसाला चैन पडत नाही.

आणि हे भाजलेले पदार्थ तिथे जागोजागी. संध्याकाळी ऑफिसं सुटली, की गल्लीगल्लीतून धूर निघू लागतो. बहिणीचं पहिलं वर्ष फार एकटेपणाचं गेलं, ते याच धुरामुळे. यजमानांच्या ऑफिसातली मंडळी कुटुंबासह जेवायला बोलवायची, आणि ही घरी दहीभात कालवून बसायची. निशि-कासाई भागात आपली भारतीय मंडळी पुष्कळ आहेत, शेजार चांगला आहे. पण नवऱ्याच्या बरोबरीने चारचौघांत जेवायला जाता येऊ नये, हे दुःख पथ्याच्या यादीत लिहिलेलं नसतं. शेवटी तिने हट्टाने एकेक पदार्थाची चौकशी केली. तिच्या पत्रांतून आणि फोनवरून मला जे कळलं, आणि मी स्वतः वाचून जे पडताळलं, ते इथे देते. आजकाल मुलं नोकरीसाठी तिकडे जातात, आईवडील भेटीला जातात. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

सर्वांत लोकप्रिय पदार्थ म्हणजे याकितोरी. बांबूच्या काडीला टोचून निखाऱ्यावर भाजलेले कोंबडीचे तुकडे. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, तारे की शिओ? तारे म्हणजे आकाशातले नव्हेत! शोयु, साखर, मिरिन आणि साके आटवून केलेला गोडसर, चकचकीत सॉस म्हणजे तारे. तो अर्थातच वर्ज्य. शिओ म्हणजे मीठ. "शिओ दे ओनेगाइ शिमासु", म्हणजे "मिठातलं द्या", हे वाक्य बहिणीने सर्वांत आधी पाठ केलं. मांडीचं मांस, कांद्याच्या पातीसारख्या नेगीबरोबर टोचलेले तुकडे, शीताके अळंबी, लहान हिरव्या मिरच्या, हे सगळं मिठात मिळतं. सुकुने नावाचे खिम्याचे गोळे मात्र मिठातले असले तरी नकोत, कारण गोळा बांधायला पावाचा चुरा घातलेला असू शकतो.

पण मीठ म्हटलं, की काम झालं असं नाही. त्याच शेगडीवर शेजारी तारेत बुडवलेल्या काड्या भाजत असतात, त्यांचे थेंब जाळीवर पडतात, भाजणारा तोच चिमटा, तोच हात. म्हणून जाळीवर अ‍ॅल्युमिनियमचा कागद घालून त्यावर भाजून द्यायला सांगावं. गर्दीच्या वेळी असं सांगितलं तर भाजणारा वैतागतो, हेही खरं. दुकान उघडता उघडता गेलं, की तो शांतपणे ऐकून घेतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण घोटाळा बहुधा इथेच होतो. आपली अडचण सांगितली, की जपानी माणूस मोठ्या आपुलकीने सांगतो, "शोयु चालेल तुम्हाला, त्यातला गहू आंबून गेलेला असतो." तो खोटं बोलत नाही. ज्यांना गव्हाची अ‍ॅलर्जी असते, त्यांच्यापैकी पुष्कळांना शोयु चालतो, आणि तिथले डॉक्टरही तसं सांगतात, कारण आंबवताना गव्हाचं प्रथिन बरंचसं तुटून जातं. सीलिअ‍ॅकची गोष्ट वेगळी. त्या तुटलेल्या तुकड्यांनीही त्रास होऊ शकतो, आणि आंबवलेल्या पदार्थांतलं ग्लुटेन नेहमीच्या चाचण्यांनी नीट मोजताही येत नाही. जपानमध्ये हा विकार फार क्वचित आढळतो, त्यामुळे नाव काढलं तरी लोकांना बोध होत नाही. म्हणून नुसतं "गहू नको" म्हणून भागत नाही, "शोयुसुद्धा नको" हे वेगळं सांगावं लागतं. बहिणीने शेजारच्या जपानी बाईंकडून सुवाच्य अक्षरात एक कार्डच लिहून घेतलं आहे. त्यात कोमुगी म्हणजे गहू, ओमुगी म्हणजे जव, राइमुगी म्हणजे राय, आणि शोयु, अशी चारही नावं आहेत. ते कार्ड थेट स्वयंपाकघरात पाठवायचं.

याकिनिकु हा प्रकार मला त्या मानाने सोयीचा वाटतो. तिथे टेबलावरच शेगडी असते, आपलं आपण भाजायचं. जाळी बदलून मागितली तर कुणी भुवया उंचावत नाही, जेवणाच्या मध्येही ती बदलायची पद्धतच आहे. मांस न मुरवलेलं, नुसत्या मिठातलं मागायचं. हे बहुधा गाईचं मांस असतं. ज्यांना ते चालत नाही, त्यांनी आधीच कोंबडी आणि भाज्या सांगाव्यात.

तेप्पान्याकी म्हणजे मोठ्या लोखंडी तव्यावर गिऱ्हाइकासमोर केलेला स्वयंपाक. कोबे शहरातल्या मिसोनो या उपाहारगृहाने १९४५ साली त्याची सुरुवात केली असं मानतात. सगळं डोळ्यांसमोर होतं, हा मोठा फायदा. तवा स्वच्छ करून आपलं आधी करायला सांगावं आणि शेवटी तव्यावर शोयु शिंपडतात, तो शिंपडू देऊ नये. परतलेला भात सोडून द्यावा, त्यात शोयु असतोच.

ओकोनोमियाकीच्या दुकानाची पायरी मात्र चढूच नये. कोबी घातलेलं ते जाडजूड धिरडं गव्हाच्या पिठाचं, वरचा सॉस गव्हाचा, आणि त्याच तव्यावर याकिसोबा परतलेला. सोबा म्हणजे कुट्टू, म्हणून तो चालेल असं कुणी सांगितलं तर फसू नका. याकिसोबाच्या शेवया निव्वळ गव्हाच्या असतात.

माशांचं सोपं आहे. नुसतं मीठ लावून भाजलेल्या माशाला शिओयाकी म्हणतात. शरद ऋतूत सान्मा नावाचा लांबट मासा असा भाजून किसलेल्या मुळ्याबरोबर देतात. कोकणातल्या भाजलेल्या बांगड्याची आठवण व्हावी, असा! मुळ्यावर शोयु ओतलेला नाही, एवढं पाहावं. उनागी, म्हणजे वाम माशासारखा मासा, बहुधा तारेत माखलेला असतो, पण शिरायाकी मागितला तर सॉसाशिवाय मिळतो.

आता पेल्याकडे या. उन्हाळ्यात दुकानात बसल्याबरोबर, न मागता, थंडगार तपकिरी पेय पुढे येतं. दिसायला कोरा चहा, पण ते मुगिचा असतं, भाजलेल्या जवाचा काढा! पदार्थांची एवढी चौकशी करायची आणि घसा कोरडा म्हणून तो पेला रिकामा करायचा, म्हणजे सगळंच पाण्यात. हिरवा चहा किंवा साधं पाणी, "ओमिझु", मागून घ्यावं. दुकानातल्या पाकिटांवरही जवाचा असाच धोका आहे. बांधलेल्या खाद्यपदार्थांवर गव्हाचा उल्लेख करणं तिथे २००२ पासून सक्तीचं आहे, जवाचा नाही. आणि उपाहारगृहांना तर ही सक्तीच नाही. मोठ्या साखळी उपाहारगृहांतून अ‍ॅलर्जीचे तक्ते मिळतात, पण त्यातही जवाचा रकाना शोधू नका. मिसो घेतानाही मुगि-मिसो टाळावा, तो जवाचा असतो.

बहीण आता पर्समध्ये तामारीची छोटी बाटली ठेवते. तामारी हाही सोयाबीनचाच सॉस, पण त्यात गहू अगदी थोडा किंवा मुळीच नसतो. "मुळीच नाही" असं लेबलावर असेल तोच घ्यायचा. आपल्या मोठ्या शहरांतूनही तो मिळतो, महाग पडतो, पण घरी याकितोरी करायला बाटली पुरून उरते.

चौघांसाठी अर्धी वाटी तामारी, पाव वाटी पाणी, दोन मोठे चमचे साखर आणि चमचाभर आल्याचा रस मंद आचेवर चमच्याला चिकटेल इतपत आटवा. वेगळं मीठ घालू नका, तामारी खारटच असतो. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवा, नाहीतर जळतात. कोंबडीच्या मांडीचे हाड काढलेले तुकडे आणि कांद्याचे जाड काप आलटून पालटून टोचा. शाकाहारी मंडळींसाठी अळंबी, ढोबळी मिरची, पनीर किंवा वांगं चालेल. घरात पोळ्यांचा तवा असतो तो मात्र घेऊ नका, वेगळी जाळी किंवा पॅन ठेवा. आधी नुसतंच भाजून घ्या, आणि मांस आतपर्यंत शिजलं की शेवटच्या दोन मिनिटांत सॉस लावा. आधी लावला तर साखर करपते. लावण्यापुरता सॉस वाटीत वेगळा काढावा. बाटलीत उरलेला फ्रीजमध्ये आठवडाभर चांगला राहतो, वाटीतला मात्र टाकून द्यावा.