मुरगळलेला पाय : विश्रांति किती, हालचाल किती?

कन्नडच्या उत्तरेस सातमाळ्याची रांग आहे. औट्रम घाट, गौताळ्याचें अरण्य, पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे उतरणाऱ्या लांबलचक पायऱ्या, अशा मुलुखांत पाय मुरगळणें नवलाचें नाहीं. नवल आहे तें पुढील उपचारांचें. कोणी म्हणतो, ‘चढलेली शीर चोळून उतरवून घ्या’; कोणी म्हणतो, ‘पंधरा दिवस खाट सोडूं नका’. आमच्या मतें दोन्ही सल्ले टाळण्यासारखे आहेत.

पाऊल आंत वळलें कीं घोट्याच्या बाहेरील अंगाचे अस्थिबंध ताणले जातात व त्यांतील कांहीं तंतु तुटतात. बारीक रक्तवाहिन्या फुटून सूज येते. ही सूज म्हणजे शरीराच्या दुरुस्तीचा आरंभ होय. अशा वेळीं जोरानें चोळल्यास रक्तस्राव वाढतो. पुढें नवे तंतु तयार होतात, पण ते अस्ताव्यस्त असतात. बेताचा भार पडत गेला म्हणजेच ते योग्य दिशेनें जुळतात.

प्रथम हाड मोडलें आहे काय, हें पाहावें. सुश्रुतानें भग्नाचे सन्धिमुक्त व काण्डभग्न असे भेद आधीं सांगितले, तें उगाच नव्हे. ओटावा येथील डॉक्टरांनीं 1992 सालीं प्रसिद्ध केलेली कसोटी सोपी आहे : चार पावलें टाकतां येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागील कडेवर वा टोंकावर दाबतांच दुखत असेल, तर क्ष-किरण चित्र काढवावें. पाऊल बधिर वा थंडगार पडल्यास क्षणाचाही विलंब नको.

हाड शाबूत असल्यास पहिले एक ते तीन दिवस पायावर भार कमी द्यावा, पट्टी बेताची आवळावी, पाय उशीवर उंच ठेवावा. फडक्यांत गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटें लावल्यास वेदना कमी होते. आंबेहळदीचा लेप लावणें असेल तर कातडी फुटलेली नसावी व लेप कढत नसावा.

विश्रांति, बर्फ, दाब व उंची ही चतुःसूत्री अमेरिकेंतील डॉ. गेब मर्किन यांनीं 1978 सालीं सांगितली. 2014 सालीं त्यांनींच लिहिलें कीं, बर्फ व पूर्ण विश्रांति यांमुळें जखम भरण्यास विलंब लागूं शकतो. म्हणून वेदना सोसवेल इतपत घोटा हलवावा, थोडें चालावें. पुढें भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभें राहण्याचा सराव करावा. हा सराव टाळणाऱ्याचा पाय पुनःपुन्हां मुरगळतो.

एकत्र कुटुंबांत या दोन्ही चुका एकाच छपराखालीं घडतात. सासऱ्यांचा पाय मुरगळला कीं महिनाभर पाण्याचा तांब्या खाटेशीं येतो. सुनेचा मुरगळला तर ती त्याच सायंकाळीं ओट्यापुढें उभी असते. त्यांचे स्नायु वाळतात, तिचा घोटा दुबळा राहतो. अस्थिबंधांस मानपान कळत नाहीं. पहिले तीन दिवस सुनेचें काम घरानें वाटून घ्यावें, आणि चौथ्या दिवशीं सासऱ्यांस हाताला धरून अंगणापर्यंत चालवावें.