पन्नास गाठींत एक सरकी

भाच्याच्या ॲलर्जीच्या रक्ततपासणीच्या रिपोर्टवर गाजरगवतापुढे आकडा होता ०.३८. मर्यादा ०.३५. ताई पारोळ्याहून फोनवर म्हणाली, "इतलासाच? अन् एवढ्यावर पोरगं पहाटे वीस-वीस शिंका देतं?"

हिशेबाला बसलो. ०.३५ युनिट म्हणजे एक मिलिलिटर सीरममध्ये ०.८४ नॅनोग्रॅम आयजीई, म्हणजे ॲलर्जीतलं प्रतिद्रव्य. तेवढ्याच सीरममध्ये एकूण प्रथिनं साधारण ७० मिलिग्रॅम. आठ कोटींत एक भाग! आपल्या मापात सांगायचं तर जिनिंगमधून निघणारी रुईची गाठ १७० किलोची. अशा पन्नास गाठी रचा आणि त्यांत चुकून राहिलेली एक सरकी शोधा. लॅबचं यंत्र ती शोधतं. आणि त्या सरकीएवढ्या आयजीईतही रेणू भरतात अडीचशे कोटींच्या वर.

युक्ती साधी आहे. इवल्याशा स्पंजाला गाजरगवताच्या परागातली प्रथिनं चिकटवलेली असतात. सीरम ओतलं की त्यांना ओळखणारं आयजीई तेवढं धरून बसतं, बाकी धुऊन जातं. मग त्या आयजीईला पकडणारं, विकर जोडलेलं दुसरं प्रतिद्रव्य सोडतात. विकरामुळे उठणारी चमक जितकी जास्त, तितका आकडा मोठा. आयजीई सापडलं १९६६-६७ मध्ये : अमेरिकेत इशिझाका पती-पत्नीला आणि स्वीडनमध्ये योहान्सन-बेनिख यांना. इशिझाकांनी ते रॅगवीडची ॲलर्जी असलेल्यांच्या रक्तात धरलं. रॅगवीड म्हणजे आपल्या गाजरगवताचं चुलत भावंडच.

आता दुसरं टोक बघा. पुण्यात १९५५ च्या सुमारास नजरेत आलेल्या या गवताच्या एका झाडाचे परागकण अभ्यासकांनी मोजले, तर सरासरी भरली ६२ कोटींवर. २०११ च्या जनगणनेतला महाराष्ट्र सव्वाअकरा कोटींचा. म्हणजे एका झुडपावर पाच महाराष्ट्र. धुळे-पारोळा रस्त्याच्या कडेला पाऊस सरल्यावर किती झुडपं असतात, ते मोजायला मी बसणार नाही.

ताईच्या प्रश्नाचं उत्तर मात्र रक्तात नाही, नाकाच्या अस्तरात आहे. तिथल्या, शिंका आणणाऱ्या एकेका मास्ट पेशीवर आयजीईला बसायला लाखाच्या घरात जागा असतात. रक्तातलं आयजीई दोन दिवसांत निम्मं होतं, पेशीवर बसलेलं आठवडेच्या आठवडे हलत नाही. रिपोर्टमध्ये दिसतं ते जागा न मिळालेलं.

शिवाय याच गवतानं निंदणी करणाऱ्यांच्या मानेवर, चेहऱ्यावर उठणारी खाज या तपासणीला दिसतच नाही. ते काम टी-पेशींचं. त्यासाठी पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन दिवस थांबावं लागतं. उलट पोटात जंत असले तरी एकूण आयजीई फुगतं. एकूण आकडा पाहून घाबरणाऱ्यांनी हे आधी विचारावं.

भाच्याच्या कागदावर शेंगदाण्यापुढे तर ०.५१ होतं, गाजरगवतापेक्षा जास्त. डॉक्टरांनी विचारलं, "शेंगदाण्याची चटणी खातोस?"

"रोज."

"काही होतं?"

"तिखट लागते."

त्यांनी शेंगदाण्याची ओळ पेनानं खोडली.