मनाची उधारी, शरीराच्या खात्यावर

सबमिशन, व्हायवा, केटी, घरच्यांच्या अपेक्षा... 'जाम टेन्शन आलंय यार' हे वाक्य कट्ट्यावर दिवसातून कितीदा ऐकता? त्यावर आपलं ठरलेलं उत्तर, 'चिल मार, होईल नीट.' बऱ्याचदा होतंही. पण दोन आठवडे उलटूनही झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, तर? 'मनाचंच आहे, ताप थोडाच आलाय' म्हणत आपण दुखणं अंगावर काढतो. हिशोब नेमका इथेच चुकतो.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा अभ्यास आजही चालू आहे. शाळकरी वयापासून त्यांच्या मानसिक आरोग्याच्या नोंदी ठेवल्या गेल्या. २०२१ मध्ये त्याचा एक निष्कर्ष आला. ज्यांना मानसिक आजारांचा त्रास जास्त झाला होता, त्यांचं शरीर पंचेचाळिशीपर्यंत बरोबरीच्या लोकांपेक्षा वेगाने म्हातारं होत होतं. सिगरेट आणि वाढलेलं वजन यांचा परिणाम वजा केला, तरी फरक उरलाच. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१५ मध्ये सांगितलं की, किशोरवयातलं तीव्र नैराश्य आणि बायपोलर डिसऑर्डर यांमुळे लवकर हृदयविकार होण्याचा धोका वाढतो.

असं का? ताण आला की शरीरात कॉर्टिसोल वाढतं. पेपरच्या दिवशी ते कामी येतं, पण महिनोन्महिने चढंच राहिलं तर रक्तदाब, साखर, झोप सगळ्यांचं गणित बिघडतं. त्यात जेवणाची वेळ चुकते, ग्राउंड सुटतं, कुणाच्या हातात सिगरेट येते. विशीत हे जाणवत नाही, कारण शरीर उधारीवर चालवून घेतं. वसुली पुढे होते.

घाबरू नका. धोका वाढतो म्हणजे आजार होणारच, असं नाही. लवकर मदत घेतली तर नैराश्यावर उपचार होतात. केंद्र सरकारच्या 'टेली-मानस' हेल्पलाइनवर, १४४१६ या नंबरवर, चोवीस तास फुकट बोलता येतं, तेही मराठीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आरोग्य विम्यात मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांसारखंच संरक्षण मिळायला हवं. पॉलिसी काढताना घरच्यांना हे जरूर सांगा.

आणि ग्रुपमधलं कुणी गप्प गप्प दिसलं, तर 'चिल मार' म्हणण्याआधी एवढंच विचारा, 'नीट झोपतोयस ना? जेवलास का?' उत्तर 'नाही' आलं, तर नंबर तुमच्याकडे आहेच. फोन लावताना शेजारी बसा.