आमचा फोन, आम्हांला न विचारता

“अगं, हे कुठे गेले?”

सकाळचे साडेसहा वाजले होते. एक पोळी तव्यावर, एक पोळपाटावर, आणि सव्वासातला मला शाळा गाठायची. सासूबाईंची ती हाक ऐकली आणि काळजात चर्र झालं. कारण ‘हे’ म्हणजे माझे सासरे, आणि त्यांना जाऊन तीन वर्षे झाली होती.

गॅस बारीक करून धावत आतल्या खोलीत गेले. सासूबाई पलंगावर बसून हातातल्या मोबाइलकडे बघत होत्या. त्यांच्या फोनवर, अगदी पहिल्या पडद्यावर, मामंजींचा फोटो होता. गणपतीपुळ्याच्या समुद्रावर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे असलेले, हसणारे मामंजी. सकाळी उठून किती वाजले ते बघायचं, म्हणजे आधी त्यांच्याकडे बघायचं, हा सासूबाईंचा नेम. त्या दिवशी तिथे एक अनोळखी तरुणी दात दाखवत होती आणि खाली लिहिलं होतं, ‘झटपट कर्ज मिळवा’. बटण पुन्हा दाबलं तर बर्फाचा डोंगर आला. पुन्हा दाबलं तर कुणी क्रिकेटपटू.

“मीच काहीतरी दाबलं असेन गं. माझ्याच हातून पुसले गेले,” सासूबाई म्हणाल्या.

मैत्रिणींनो, हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही. म्हणूनच आज लिहायला बसले.

सासूबाईंनी काहीही दाबलेलं नव्हतं. आदल्या रात्री फोन चार्जिंगला लावलेला असताना त्यात अपडेट झालं होतं. आमच्या ह्यांनीच जाता जाता ‘आज रात्री करा’ला होकार दिला होता. फोटो फोनमध्ये सुखरूप होता, फक्त त्याच्या जागेवर रोज नवी चित्रे, बातम्या आणि जाहिराती दाखवणारी एक ‘सोय’ येऊन बसली होती. ती कुणी मागितली होती? आमच्या घरात तरी कुणी नाही.

ह्यांनी अर्धा तास खटपट केली. मग मुलुंड स्टेशनजवळच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. तिथला मुलगा मान वर न करता म्हणाला, “काकू, हे कंपनीकडूनच येतं. निघत नाही.” तिसऱ्या दिवशी माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या नववीतल्या एका मुलाने चार दारांच्या आड लपवलेलं एक बटण शोधून काढलं आणि मामंजी परत आले. दोन महिन्यांनी पुन्हा अपडेट आलं आणि पुन्हा ते गेले.

या खेपेला सासूबाईंनी हाक मारली नाही. त्यांनी फोन कपाटात साड्यांखाली ठेवून दिला. “मी हात लावला की त्या यंत्राचं काहीतरी बिघडतं,” एवढंच म्हणाल्या. आठवड्याभराने सकाळी बागेत फिरायला गेल्या असता त्यांना घेरी आली. जवळ फोन नाही. पाऊण तास बाकावर तशाच बसून राहिल्या. शेवटी आमच्या शेजारच्या वहिनींना दिसल्या आणि त्यांनी रिक्षात घालून घरी आणलं. फोन कपाटातच होता, पुरता चार्ज केलेला.

मिसळणाचा डबा कुणी हलवला?

अशी कल्पना करा. तुम्ही सकाळी स्वयंपाकघरात जाता. ओट्यावरचा मिसळणाचा डबा माळ्यावर गेलाय, मोहरीच्या वाटीत साखर आहे आणि गॅसशेजारी एक नवंकोरं यंत्र पक्कं ठोकून बसवलंय. चौकशी केली तर उत्तर मिळतं, “आम्ही तुमचं स्वयंपाकघर सुधारलं. यंत्र काढता येणार नाही.” आपण असं खपवून घेऊ का? पोलिसच बोलावू! पण हेच फोनमध्ये झालं की आपण म्हणतो, “मला बाई यातलं काही कळत नाही.”

हे आपल्यापुरतंच नाही, बरं का. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गुगलच्या फोन ॲपचं नवं रूप आलं आणि देशभरातल्या कितीतरी अँड्रॉइड फोनांवर कॉल घेण्याचा पडदाच बदलून गेला. चांगली शिकलेली, नोकरी करणारी माणसं एकमेकांना विचारत होती, “माझ्या फोनला काय झालं?” मग सत्तरी ओलांडलेल्या बाईने स्वतःला दोष का द्यावा?

माझ्या वयाच्या पुष्कळजणींनी दहावीनंतरच्या सुट्टीत एम.एस.-सी.आय.टी.चा कोर्स केला असेल. ज्यांनी जुना संगणक पाहिलाय त्यांना डोळे मिचकावणारी ती कागदाची क्लिप आठवेल. पत्र लिहायला घेतलं की ही बया मदतीला हजर! मायक्रोसॉफ्टने ती १९९७ च्या ऑफिसमध्ये आणली. लोक इतके वैतागले की २००१ च्या आवृत्तीत कंपनीने ती आपणहून बंद ठेवली आणि २००७ मध्ये काढूनच टाकली. म्हणजे गिऱ्हाइकाने नाक मुरडलं तर कंपनी ऐकते. मात्र त्या क्लिपला निदान हाकलता तरी येत असे.

साखरेबरोबर चहापूड

आता निघत का नाही? मी थोडं समजून घेतलं ते सांगते. फोनमध्ये आपण स्वतः घेतलेली ॲप असतात, ती आपल्याला काढून टाकता येतात. पण कंपनीने कारखान्यातच घातलेली बरीचशी ॲप फोनच्या मूळ यंत्रणेच्या भागात बसवलेली असतात आणि त्या भागाला हात लावायची आपल्याला मुभा नसते. फार तर ती ‘डिसेबल’ करता येतात, म्हणजे झोपवता येतात. काही तर झोपतही नाहीत.

दुसरी गोष्ट याहून वाईट. अपडेटमध्ये सुरक्षेची दुरुस्ती असते, ती आपल्याला हवीच असते. चोरांना आत शिरायची फट बुजवणारी ती लिंबणी असते म्हणा ना. पण त्याच गाठोड्यात पुष्कळदा नको असलेल्या सोयीही बांधलेल्या असतात. रेशनच्या दुकानात “साखर हवी तर ही चहापुडीही घ्या” असं ऐकवलं जायचं, ते आईच्या तोंडून तुम्हीही ऐकलं असेल. तोच प्रकार. आणि यामागे हिशेब आहे. जे आधीपासून समोर असतं तेच बहुतेक माणसं वापरत राहतात, बदलायला कुणी जात नाही. जितके डोळे जास्त, तितकी जाहिरात महाग.

हे गाठोडं आपल्याकडे सरकारदरबारीही पोचलं आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. फोन कंपन्यांवर आपल्या ॲपांचा सगळा संच एकत्र घालण्याची सक्ती केल्याचा ठपका त्यात होता. आधीच घातलेली ही ॲप लोकांना काढून टाकता आली पाहिजेत, असंही आयोगाने बजावलं. पण मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला आणि ॲप काढू देण्याबद्दलचा नेमका हाच आदेश रद्द केला! दंड सरकारजमा व्हायचा, चहापुडी मात्र आपल्याच पिशवीत राहायची.

व्हॉट्सॲपचंही तसंच. २०२१ मध्ये त्यांनी नव्या अटी आणल्या, ‘मान्य करा नाहीतर सोडा’ अशा थाटाच्या. त्याबद्दल आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३.१४ कोटींचा दंड केला. आणि ते निळसर वर्तुळ? तो मेटा एआय भारतात जून २०२४ मध्ये आला. वापरणं न वापरणं तुमच्या मर्जीवर, असं कंपनी म्हणते; पण ते वर्तुळ पडद्यावरून काढायची सोय तिने दिली नव्हती. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये याचीच चौकशी सुरू केली, लोकांची संमती न घेता हे त्यांच्यावर लादलं का, म्हणून.

वस्तू चांगली, तरी विचारून

“अहो, पण काही सोयी चांगल्याही असतात,” असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. ‘संचार साथी’चंच उदाहरण घ्या. फोन हरवला तर तो बंद करायला, आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते बघायला हे सरकारी ॲप उपयोगी पडतं. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने मोबाइल कंपन्यांना आदेश दिला की, ९० दिवसांच्या आत प्रत्येक नव्या फोनमध्ये हे ॲप आधीच घातलेलं असावं, बनून दुकानात पोचलेल्या फोनांत अपडेटमधून पाठवावं आणि त्याच्या सोयी बंद करता येऊ नयेत. देशभर गदारोळ झाला. २ डिसेंबरला मंत्री ज्योतिरादित्य सिंधिया यांनी सांगितलं की, नको असेल तर काढून टाका. ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली.

माझ्या स्वतःच्या फोनमध्ये ‘संचार साथी’ आहे. मी आपणहून घेतलंय. माझं म्हणणं इतकंच की, मी मागितलेली वस्तू आणि माझ्या घरात ठोकून बसवलेली वस्तू यांत फरक आहे, मग ती वस्तू सोन्याची का असेना. लग्न होऊन आलेल्या आपणा साऱ्याजणींना हा फरक कळायला पुस्तक लागत नाही. “तुझ्या भल्यासाठीच केलं” हे वाक्य आपण काही कमी वेळा ऐकलेलं नाही!

आपण काय करावे?

अपडेट बंद करू नका. सुरक्षेची दुरुस्ती हवीच, विशेषतः फोनवरून पैसे पाठवत असाल तर. मात्र रात्री झोपताना होकार देऊ नका. सुट्टीच्या दिवशी, दिवसाढवळ्या, घरात दोघंतिघं असताना करा.

अपडेट करण्याआधी दुसऱ्या फोनने पहिल्या फोनच्या पडद्यांचे फोटो काढून ठेवा. काय कुठे होतं ते नंतर लावून घेता येतं. गावाला जाताना फडताळाला कुलूप लावतो ना, तसंच हे.

अपडेट झाल्यावर ‘पुढे’, ‘मान्य’ अशी मोठी बटणं भराभर दाबू नका. ‘वगळा’, ‘आत्ता नको’ हे शब्द पुष्कळदा कोपऱ्यात बारीक अक्षरात असतात. तिथे चष्मा लावा!

पहिल्या पडद्यावर जाहिराती येऊ लागल्या तर सेटिंगमध्ये ‘लॉक स्क्रीन’ किंवा ‘वॉलपेपर’ शोधा. सेटिंगच्या वर शोधायची चौकट असते, तिथे हे शब्द लिहिले की झालं. नको असलेलं ॲप बोटाने दाबून धरलं तर बहुतेक फोनांत ‘अनइन्स्टॉल’ दिसतं, ते नसेल तर ‘डिसेबल’. पण नाव ओळखीचं नसेल तर जाणत्या माणसाला विचारूनच हात लावा.

घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगा की, ते निळसर वर्तुळ म्हणजे कुणी माणूस नव्हे. बँकेचे आकडे, दुखणीखुपणी तिथे लिहू नयेत.

आणि तक्रार करा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला गंडवणाऱ्या पडद्यावरच्या १३ क्लृप्त्या नियमांत नोंदवून त्यांना मनाई केली आहे. पुन्हा पुन्हा विचारून भंडावून सोडणं आणि नको ते करायला भाग पाडणं, हे दोन्ही त्यांत आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. भाजीवाल्याकडे एक सडका टोमॅटो आला तर आपण परत करतो, मग इथेच गप्प का?

शेवटचं, पण माझ्या लेखी सगळ्यांत महत्त्वाचं. घरातली म्हातारी माणसं “मीच काहीतरी दाबलं” असं म्हणू लागली की, कितीही घाई असो, पोळी करपो, त्यांच्याजवळ बसा. “आई, तुम्ही काही केलेलं नाही. त्यांनी बदललंय,” हे शब्द स्पष्ट उच्चारा. मी ते पहिल्याच दिवशी पुरेसं सांगितलं नाही. “असू दे हो, होतं असं,” म्हणून शाळेला पळाले. त्याचं मोल पाऊण तास त्या बाकावर कुणी दिलं, ते तुम्ही वाचलंच.

आता मामंजींचा तोच फोटो स्टुडिओतून छापून आणलाय. फोन जिथे चार्जिंगला लावतो, तिथेच भिंतीला तो टेकवून ठेवलाय. सासूबाई उठल्या की आधी त्या फोटोकडे बघतात आणि मग फोन उचलतात. माझ्या जुन्या साडीची पिशवी शिवून दिलीय, तीत घालून तो बागेत नेतात. वहीत मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहून दिल्या आहेत, त्यातली पहिली ओळ आहे, ‘तुमची चूक नाही’.

तरी रात्री दिवा मालवताना मला एकदा विचारतातच, “आज त्यात काही येणार नाहीये ना गं?”