चिलखत जाड की शहाणे?

चिलखत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जाडजूड लोखंड येते. जितके जाड तितके सुरक्षित, असा आपला सरळ हिशेब. हा हिशेब कुठे फसतो, ते सध्याची मुले खेळता खेळता शिकतात.

माझा इंदापूरचा भाचा दिवाळीच्या सुट्टीत बारामतीला आमच्याकडे येतो. दगडमातीचा किल्ला करून झाला की तो संगणकावर ठोकळे जोडून लढाईची गाडी बांधायला बसतो. चाके, इंजिन, तोफ, चालकाची जागा, सगळे ठोकळ्यांचे. पहिल्या गाडीला त्याने चहूबाजूंनी जाड भिंती घातल्या. ती जागची हलेना. दुसरी हलकी केली, तर एका गोळ्यात अख्खी तोफ गळून पडली. ती एकाच ठोकळ्यावर टांगलेली होती. ‘‘मामा, नुसती भिंत जाड करून भागत नाही. जोड दोन-तीन पाहिजेत आणि इंजिन पोटात पाहिजे,’’ हा त्याचा निष्कर्ष.

वजनाचे दुखणे ऊसपट्ट्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. भिजलेल्या काळ्या रानात भरलेली ट्रॉली रुतली की काय होते, ते आपण पाहतोच. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर येथे हेच घडले. पाणी सोडलेल्या शेतांत पाकिस्तानचे पॅटन रणगाडे रुतले आणि उभ्या उसात दबा धरलेल्या आपल्या रणगाड्यांनी त्यांना टिपले. हवालदार अब्दुल हमीद यांच्याजवळ तर चिलखतच नव्हते. उघड्या जीपवरच्या तोफेने त्यांनी एकामागून एक पॅटन मोडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

मग वजन न वाढवता बळ कसे वाढवायचे? काकडी तिरकी कापली की चकती लांबट होते ना? तसेच पत्रा तिरका बसवला की समोरून येणाऱ्या गोळ्याला जास्त लोखंड भेदावे लागते. दुसऱ्या महायुद्धातल्या रशियन टी-३४ रणगाड्याचा पुढचा पत्रा ४५ मिलिमीटरचा होता; पण उभ्या रेषेपासून ६० अंश कललेला, म्हणून गोळ्याच्या वाटेत ९० मिलिमीटर लोखंड येई. शिवाय तिरका बसलेला गोळा घसरून जाण्याचाही संभव असतो; पाण्यावर चपटा दगड उड्या मारत जातो तसा. दुसरी युक्ती पोकळीची. मुख्य चिलखताच्या पुढे थोडे अंतर सोडून पातळ पत्रा लावतात. काही प्रकारचे गोळे त्यावरच फुटतात आणि त्यांचा जोर मधल्या जागेत ओसरतो.

हे सारे डोळ्यांनी पाहायचे तर अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय आहे. १९९४ मध्ये सुरू झालेले. मुलांना घेऊन जरूर जावे.

मात्र खेळात आणि खऱ्यात एक फरक आहे. पडद्यावरची मोडलेली गाडी घटकाभरात पुन्हा उभी राहते. पुण्यात जन्मलेले, पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पेटलेला रणगाडा सोडण्याचा हुकूम असतानाही लढत राहिले आणि तिथेच पडले. वय अवघे २१. सेंच्युरियन रणगाड्यात चार माणसे बसत.

म्हणून मूल असे काही बांधत असेल, तर गाडीच्या भिंती किती जाड आहेत ते विचारूच नका. आत माणूस कुठे बसवला आहे, तेवढे विचारा. चिलखताची आखणी तिथूनच सुरू होते.