‘बेल कर्व्ह’ गेल्यानंतर

टीममध्ये दहा जण, दहाही जण कामाला चोख. तरी वर्षअखेरीस त्यांतल्या एक-दोघांना मॅनेजरने ‘कच्चे’ ठरवायचेच! आयटीतली मंडळी ज्याला ‘बेल कर्व्ह’ म्हणतात, ती ही अप्रेझलची पद्धत मायक्रोसॉफ्टमध्ये वर्षानुवर्षे चालली. शेजारच्याला मदत केली तर आपलाच नंबर घसरणार, म्हणून माणसे माहिती दडवू लागली आणि तगड्या सहकाऱ्यांच्या टीममध्ये जायला चांगले इंजिनिअर कचरू लागले. नोव्हेंबर 2013मध्ये कंपनीने ही पद्धत मोडीत काढली.

फेब्रुवारी 2014मध्ये मूळचे हैदराबादचे सत्या नाडेला कंपनीचे प्रमुख झाले. मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांचे ‘माइंडसेट’ हे पुस्तक पत्नी अनू यांनी त्यांना दिले होते. बुद्धी जन्मजात आणि ठरलेली आहे असे मानणारा ती सिद्ध करण्यातच गुंततो. ती वाढते असे मानणारा अवघड कामाला हात घालतो, हे ड्वेक यांचे प्रतिपादन. या दुसऱ्या वृत्तीलाच ‘ग्रोथ माइंडसेट’ म्हणतात.

ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांनी 1998मध्ये पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सुटल्यावर काहींच्या हुशारीचे कौतुक केले, काहींच्या मेहनतीचे. पुढची कोडी अवघड निघाली, तसा हुशारीचे कौतुक झालेल्यांचा उत्साह मावळला. नंतर पुन्हा सोपी कोडी दिली, तरी त्यांचे गुण घटले. आपले गुण सांगताना त्यांतल्या बऱ्याच जणांनी चक्क थापा मारल्या! पालकांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

हाच विचार कंपनीत रुजवू पाहणाऱ्या नाडेलांची परीक्षा मार्च 2016मध्ये झाली. कंपनीचा ‘टे’ हा चॅटबॉट ट्विटरवर आला, खोडसाळ लोकांनी त्याला वंशद्वेषी बोलायला लावले आणि दिवसभराच्या आत तो बंद करावा लागला. नाडेलांनी मात्र त्या टीमला ईमेलने धीर दिला: मी पाठीशी आहे, शिकत राहा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘झो’ हा नवा चॅटबॉट आला.

अर्थात, 2014मध्येच कंपनीने 18,000 नोकऱ्यांवर कुऱ्हाड चालवण्याची घोषणा केली, हेही विसरता येत नाही. पुस्तक वाचून नोकरीची शाश्वती मिळत नाही.

शिवाय ‘ग्रोथ माइंडसेट’चा गवगवा पुराव्यापेक्षा मोठा आहे. अमेरिकेत नववीच्या 12,000हून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या, 2019मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन पाठाने मागे पडलेल्या मुलांचे गुण वाढले, पण थोडेसेच. आव्हान स्वीकारण्याची रीत जिथे सोबतच्या मुलांतही होती, त्या शाळांत ही वाढ अधिक दिसली.